राळेवरचे डोळे

वार्निशचा तयार डबा मी घरात आणत नाही. यावरून हरिशंकरपुरममधल्या आमच्या घरात माझी भरपूर टिंगल होते. होऊ दे. मला राळ लागते, साल नावाच्या झाडाची, मधाच्या रंगाच्या खड्यांची. नया बाज़ारातल्या एका पंसाऱ्याकडे, जडीबुटीच्या दुकानात, मिळते. त्याला वाटतं मी रोज धूप घालणारा भक्त माणूस आहे. खडे निवडायचे, मलमलीत पुरचुंडी बांधायची आणि टर्पेंटाईनच्या बरणीत दोन दिवस टांगून ठेवायची. राळ विरघळते, फडक्यात काड्या आणि किडे उरतात. शाळेतली चित्रकलेची मास्तरकी संपल्यापासून जुनी तैलचित्रं पुसणं आणि त्यांच्यावर नवी राळ फिरवणं हाच माझा उद्योग आहे.

लष्कर म्हणजे आमच्या शहराचा जुना भाग, तिथल्या मराठी घरांत अशी चित्रं पुष्कळ. राळ जुनी झाली की पिवळी पडते, मग तपकिरी, आणि वर उदबत्तीचा धूर बसला की संपलंच. आजोबा सावळे होते असं नातवंडं छातीठोकपणे सांगतात. मी पुसून दिले की आजोबा गोरेपान निघतात आणि घरात भांडण लागतं, की हे आमचे नव्हेतच. लोकांना चित्र साफ हवं असतं, पण बदललेलं नको असतं. करा काय करायचं ते.

गेल्या वर्षी पितृपक्षाच्या आधी आईच्या ओळखीतल्या एक काकू ऑटोत चित्र घालून आल्या. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. काठीनंच दार ठोकलं.

"ही माझी आई," म्हणाल्या. "मी दोन वर्षांची होते तेव्हा गेली. फोटो एक नाही, बस हे एवढंच आहे. आणि मला काचबिंदू झालाय रे. एक डोळा तर गेलाच, दुसऱ्याचं डॉक्टर म्हणतो गॅरंटी नाही. तो आहे तोवर मला एकदा आई साफ दिसू दे."

मी हो म्हटलं. चित्रात नऊवारीतली तरुण बाई होती म्हणे, पण काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं. दिसत होते ते फक्त डोळे. खिडकीपाशी गेलो तरी माझ्याकडे, दारापाशी गेलो तरी माझ्याकडे. सगळा चेहरा काळवंडलाय आणि डोळे तेवढे लख्ख, हे कसं? तिथेच मला कळायला हवं होतं. पण अक्कल चरायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात बसलो. आधी पदराचा एक कोपरा पुसून पाहिला. काडीला गुंडाळलेला कापूस स्पिरिट-टर्पेंटाईनमध्ये बुडवून फिरवला, चहासारखी पिवळी राळ निघाली, खालचा हिरवा रंग जागचा हलला नाही. उत्तम. मग हनुवटी, ओठ, नथीचे मोती. मग डावा डोळा. कापूस फिरवला आणि पाहिलं तर तो काळा झाला होता. बुबुळ कापसावर आलं होतं.

हात थांबला, पण व्हायचं ते झालं होतं. डोळ्याच्या जागी पापणी होती. मिटलेली, एकेक केस काढलेली, त्या चित्रकारानं जीव ओतून केलेली. आणि साफ झालेल्या गालाचा रंग आता नीट दिसत होता. तो राखाडी होता. ओठ जरासे उघडे होते. चाळीस वर्षं चेहरे काढतोय मी, झोपलेला माणूस आणि गेलेला माणूस यांतला फरक मला कळतो. त्या चित्रकारानं बाई गेल्यावर शेजारी बसून त्यांना रंगवलं होतं.

चित्र पुरं झालं, त्यावर राळ चढली, ती वाळली आणि नंतर केव्हातरी कुणीतरी त्या राळेवर उघडे डोळे काढले. डोळे राळेवर बसलेले, म्हणून राळ विरघळली तसे तेही गेले. खालची राळ काळवंडली तरी वरचे डोळे तसेच राहिले, म्हणूनच ते इतके लख्ख होते.

आता चित्रातल्या बाईंचा एक डोळा उघडा आणि एक मिटलेला. बायको चहा घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, "तुम्हाला डोळा मारतायत वाटतं." मग तिचा तिलाच तो विनोद सोसला नाही. चहा तिथेच ठेवून गेली. मी चित्रावर टॉवेल टाकला. दुपारी बघतो तर टॉवेल जमिनीवर. पंखा चालू होता, मान्य. पण पंखा कुणी लावला ते आमच्यात ठरेना. तीन दिवस त्या खोलीत कपडे वाळत घालायलासुद्धा बायको गेली नाही.

काकूंचा रोज फोन. "काय करून राहिलाय तू? झालं का?" मी आपला उद्या, परवा करत होतो. खोटं कशाला बोलू, डोळा परत रंगवून टाकायचा बेत होता माझा. काकूंना काय कळणार? उघडा डोळा बघायचा आणि तसाच दुसरा काढायचा, झालं. रंग कालवले, कुंचला उचलला. पण जितकं जवळून बघावं तितका तो उघडा डोळा त्या चेहऱ्याचा वाटेना. भुवई एका बाईची आणि खालून बघतंय कुणी दुसरंच. मी कुंचला धुऊन ठेवला.

चौथ्या दिवशी काकू स्वतःच आल्या. मी म्हटलं, "काकू, माझ्या हातून घोटाळा झालाय." सगळं सांगितलं. त्या चित्रापाशी गेल्या, नाक टेकेल इतकं जवळ तोंड नेलं आणि उघड्या डोळ्याकडे बघत राहिल्या.

"अगं बाई," म्हणाल्या. "ही तर मावशी."

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"आई गेली आणि वर्षाच्या आत बाबांनी तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं. तेव्हा असंच करायचे. मावशी सांगायची, नवी नवरी होते तर मला दोन दिवस चित्रकारापुढे बसवलं. पण तिचं चित्र घरात कुठे नव्हतंच. विचारलं की उठून आत जायची. माझ्या आजीचं काम हे. श्राद्धाला चित्रापुढे पान वाढायचं, तर डोळे मिटलेल्या माणसाला नैवेद्य दाखवायचा कसा? म्हणून मावशीला पुढे बसवून उघडून घेतले. आणि मी वेडी सगळं आयुष्य आईला नमस्कार करतेय आणि बघतेय मावशी."

"मी नवे काढून देतो, काकू. दोन दिवसांत."

"कोणाचे काढशील?"

मी रंगांची ताटली बाजूला सारली.

"दुसराही पूस," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर."

मी कापूस बुडवला. मावशीचा डोळा कापसावर आला आणि काकूंच्या आईचे दोन्ही डोळे मिटले. पुसल्यावर रंग पांढुरके दिसतात, म्हणून मी लगेच पातळ राळेचा एक हात फिरवला. सगळं वर आलं, कपाळावरचं कुंकू, केसांतली फुलं, ती राखाडी कांती. खोलीत राळेचा वास भरला.

काकूंनी एकदम मान वर केली. नाकानं हवा ओढली, दोनदा.

"हा वास," म्हणाल्या. "मी हिला हलवत होते. कोणी माणूस शेजारी बसलेला, आणि हा वास. मी हलवतेय, हलवतेय, आणि ही उठत नाही. मग मला कोणीतरी उचलून नेलं. मला वाटायचं स्वप्न आहे. आईची एकही आठवण नाही मला, असंच सांगत आलेय मी सगळ्यांना."

त्यांनी हात पुढे केला आणि चित्रातल्या खांद्याला लावला. राळ ओली होती. हात लावू नका म्हणायला हवं होतं, मला म्हणवलं नाही. त्या हलकेच ढकलत होत्या. चौकट टेबलावर टकटक वाजत होती.

"ऊठ की ग," त्या म्हणाल्या. तो आवाज काकूंचा नव्हता, इतका बारीक होता. दारातून माझी बायको धावत आली आणि तिनं त्यांना धरलं.

दिवाळीच्या आत काकूंचा तोही डोळा गेला. त्या चेहऱ्यानंतर त्यांना साफ असं दुसरं काही दिसलं नाही, आणि तो मी दाखवला.