दर जुलैत उगवणारा माणूस

"इफेमेरल म्हणजे काय? हे बघा पोरांहो, हे तुमचे सर! मार्चात मरतेत अन् जुलैत पुन्हा उगवतेत."

संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब वर्गाच्या दारातून बोलले. पाहुण्यांना कॉलेज दाखवत फिरत होते. फळ्यावर मी चार इंग्रजी शब्द लिहिलेले. चारही थोडा वेळ टिकणाऱ्या गोष्टींचे, एवढं मी नुकतंच मोठ्याने सांगितलेलं. वर्ग खदाखदा हसला. पाहुणे हसले. मीही हसलो. खरं सांगतो, सगळ्यांत आधी मीच हसलो. सवय होती.

मी तासिकेवरचा, तासागणिक पैसे मिळणारा मास्तर. लातुरात केस पिकले, तरी दर जुलैत नेमणुकीची नवी ऑर्डर. उन्हाळ्यात पगार नाही. ऑर्डरसाठी दादासाहेबांच्या पेट्रोल पंपावर जायचं, हार घालायचा, त्यांचा फोन संपेपर्यंत उभं राहायचं. या माणसाचं इंग्रजी पंपावरच्या पाटीपुढे सरकलेलं नाही. शब्द माझ्याच फळ्यावरून उचलला आणि माझ्याच तोंडावर फेकला.

पहिल्या बाकावर नायगावची मुलगी लिहून घेत होती. तिने मान वर केली.

"सर, दादासाहेबांचं उदाहरण परीक्षेत लिहिलं तर मार्क भेटतील का?"

ती चिडवत नव्हती. तिला खरंच हवं होतं. अपमान माझ्या एकट्याचा होता तोवर मी गिळला. आता तो पोरांच्या वहीत चालला होता.

"नाही. ते चूक आहे."

दादासाहेब थबकले.

"मी इस्लापूरचा," मी वर्गाला म्हणालो. "आमच्याकडच्या सहस्रकुंडाच्या धबधब्याचे तुषार उडतात आणि विरतात. ते इफेमेरल. त्यांचा जीवच तेवढा. ट्रान्झियंट म्हणजे वाटसरू, थांबला आणि गेला. फ्लीटिंग म्हणजे चालत्या एस.टी.तून दिसलेलं ओळखीचं तोंड. चौथा शब्द टेम्पररी. ते आपोआप संपत नाही. त्याची मुदत दुसरा कुणीतरी ठरवतो. मी टेम्पररी. मी मरत नाही. मला काढतात."

पहिल्या बाकावरची मुलगी हे लिहून घेऊ लागली.

"लई शिकवलं सर," दादासाहेब म्हणाले. "जुलैत या पंपावर."

"येणार न्हाई. ऑर्डर कॉलेजात द्या."

ते गेले. मी तास संपवला. स्टाफरूममध्ये आलो तर मामा शिपाई चहा वाटत होते. कायम झालेल्यांना चिनी मातीचे कप, आम्हा तासिकावाल्यांना कागदी. मी ट्रेमधला चिनी कप उचलला.

"सर, ते पर्मनंटवाल्यांचे हायत."

"हाव मामा. माहीत हाय."

प्यालो. चहा तोच होता. इतकी वर्षं मी मुकाट्याने कागदी कप हातात घेतला, याची लाज मला आहे. ज्यांनी तो दिला त्यांना कसली आलीय लाज.

जुलैत हार नेणार नाही. ऑर्डर आली तर शिकवीन. नाही आली तर फाटकापाशी उभा राहीन आणि येणाऱ्याजाणाऱ्यासमोर विचारीन: काम दरवर्षी तेच, माणूस तोच, तर ऑर्डरच दरवर्षी नवी का लागते?

हसणार मात्र नाही.