इथूनच बघते
गॅरेज आवरताना कॅसिनोतला नाण्यांचा जुना कप सापडला आणि ऐंशीच्या दशकातली अटलांटिक सिटीची ती दुपार आठवली. वडील जाऊन वर्ष झालं होतं आणि आई पहिल्यांदाच अमेरिकेत आली होती. सिगरेटच्या धुरात, रूलेटच्या टेबलाशी मी जिंकत होतो. आई कौतुकानं शेजारी येऊन उभी राहिली आणि लागोपाठ तीन डाव गेले. लहानपणी ऐकलेलं विधवेच्या अपशकुनाचं खूळ माझ्यासारख्या इंजिनियरच्याही डोक्यात शिरलं. म्हणालो, "आई, तू जरा लांब उभी राहा ना." ती मुकाट्यानं खांबामागे गेली. मी हरतच राहिलो. पुढच्या महिन्यात मुलीच्या बारशाला आईला पाळण्याजवळ बोलावलं, तर दारातूनच म्हणाली, "मी इथूनच बघते रे." हात धरून तिला आत आणायचं सोडून मी पाहुण्यांना घुगऱ्या वाटत राहिलो.