प्रतिवादीच्या पडवीत

माझा थोरला भाऊ इनास वारला, तोही आमच्या प्रतिवादीच्या पडवीत. शेजारच्या तातूवर आम्ही दोघा भावांनी तालुक्याच्या कोर्टात वाटेचा दावा लावला होता, तो अजून चालू आहे. माणसाला मरण कुठेही येऊ शकतं हे मान्य. घरी येतं, इस्पितळात येतं, रस्त्यातही येतं. पण ज्याच्याविरुद्ध आपण कोर्टात उभे आहोत त्याच्याच घरी, त्याच्याच अंघोळीचं पाणी काढताना मरावं, हे फक्त आमच्या भाईला जमलं. त्या सकाळी मी किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्यातून आलेले बांगडे बघत उभा होतो. तातूच्या बायकोचा, म्हणजे काकींचा फोन आला. "मास्तर, बेगीन येवा. इनास पडलो..." मी विचारलं, "खंय पडलो?" तर म्हणाल्या, "हयसर. आमच्या पडवीत." खरं सांगतो, दुःख नंतर आलं. आधी आली ती चीड. तरीही धावत सुटलो. जाऊन बघतो तो भाई जमिनीवर आडवा, बाजूला तांब्या लवंडलेला, आणि खुर्चीतून हलता न येणारा तातू एकसारखा ओरडतोय, "ऊठ मरे इनासा, ऊठ... असो काय पडान ऱ्हवलंस?"

त्याच्या महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, गेल्या आठवड्यात झाली. फादर बोलले, वाडीतले चारजण बोलले. सगळ्यांनी भाईला संत करून टाकलं. मी गप्प बसलो, कारण संताबरोबर एका घरात राहणं म्हणजे काय असतं हे त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. भाईने लग्न केलं नाही. आईच्या पश्चात तो, मी आणि माझी बायको असे तिघे त्या घरात राहत होतो. मी हायस्कूलात मराठी शिकवलं, चर्चमध्ये रविवारचं वाचन वर्षानुवर्षं केलं, घरातली संध्याकाळची जपमाळ मीच सांगतो. भाई रिक्षा चालवायचा. चर्चमध्ये यायचा, पण मागच्या दाराशी, चपलांच्या जवळ उभा राहायचा. प्रवचन लांबलं की तिथेच उभ्याउभ्या डुलक्या घ्यायचा. जपमाळेला बसला की मधेच उठून कुणाच्या तरी म्हातारीला डॉक्टरकडे न्यायला जायचा. आमच्याकडच्या इतर रिक्षावाल्यांनी गाडीवर मरियामातेचं चित्र, एखादं वचन लावलेलं असायचं. याची गाडी कोरी. म्हणून मी मुद्दाम शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या वचनाचा एक छान, रंगीत स्टिकर आणून दिला. चार दिवसांनी रिक्षात बसायला गेलो तर सीटचं रेक्झिन फाटलं होतं तिथे तो चिकटवलेला! सगळी वाडी त्या वचनावर बसून बाजाराला जात होती. मी संतापलो. भाई म्हणाला, "बरो चिकाटलो मरे. आता स्पंज भायर येणा नाय."

आता तातूबद्दल सांगितलं पाहिजे. आमचं घर समुद्राच्या अंगाला आणि तातूची माडांची बाग आमच्या आणि रस्त्याच्या मधे. आमच्या आज्यापासून आम्ही त्या बागेतल्या वाटेने ये-जा करत आलो. एका वर्षी माडाची झावळी कापण्यावरून बोलाचाली झाली आणि तातूने वाटेवर चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी बांध घातला. माणूस जाणार नाही असा, छातीएवढा. आम्ही मागच्या बाजूने, ओहोळातून जायला लागलो. उन्हाळ्यात ठीक, पण पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी असतं. त्याच पावसाळ्यात आईला धाप लागली. अँब्युलन्स रस्त्यावर येऊन थांबली. मी काकुळतीला येऊन गडग्यापलीकडे हाका मारल्या, म्हटलं, तेवढ्यापुरते दोन चिरे काढूया, मी परत लावून देतो. तातू पडवीत उभा होता. "कोर्टातून कागद घेवन ये, मगे काढतंय," म्हणाला आणि आत गेला. आईला आम्ही खुर्चीत बसवली आणि मी आणि भाईने ती खुर्ची उचलून ओहोळातून नेली. भर पावसात, डोक्यावर प्लास्टिक धरून. आई खुर्चीचे हात घट्ट पकडून बसली होती. त्यातून ती उठली खरी, पण पुन्हा म्हणून घराबाहेर पडली नाही. "माका त्या ओहोळातसून परत नेव नकात," एवढंच म्हणायची. त्या वर्षीच्या नाताळच्या आधी ती गेली. दावा आम्ही त्यानंतर लावला. त्यावर भाईचीही सही आहे, हे मुद्दाम नमूद करतो. त्या घराचं पाणीही प्यायचं नाही हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

पुढे तातूला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी येणारा. काकींच्या कंबरेत बळ नाही. मुलाने एक माणूस ठेवला होता, तो तातूच्या शिव्या ऐकून निघून गेला. दुसरा ठेवला, तोही गेला. आणि एके सकाळी मी पेपर वाचत बसलो असताना भाई गडग्यावर चढून पलीकडे उडी मारताना दिसला. त्या वयात! बगलेत टॉवेल होता. परत आला तेव्हा मी विचारलं, "खंय गेलेलंस?"

"तातूक न्हाणयलंय. वास मारा होतो रे."

"भाई, तेच्यावर आपली केस आसा!"

"केस कोर्टात आसा," तो म्हणाला. "तातू हयसर आसा."

आणि चहा मागायला आत गेला. मी मराठी शिकवण्यात उभा जन्म घालवला, पण या माणसाच्या वाक्यापुढे मला कधी दुसरं वाक्य उभं करता आलं नाही.

मग ते रोजचंच झालं. अंघोळ, दाढी, कपडे बदलणं, खुर्चीत बसवून पडवीत आणणं. तातू सुधारला असेल म्हणाल तर नाव नको. पाणी गरम म्हणून शिव्या, पाणी थंड म्हणून शिव्या, आमच्या घराण्याचा उद्धार. माझ्या बायकोला ते स्वयंपाकघरात ऐकू यायचं. ती म्हणायची, "भावजींना लाज कशी वाटत नाही?" चतुर्थीला तर कहर झाला. तातूच्या गणपतीवर माटवी बांधायची, म्हणजे रानातली फळं-फुलं टांगायची, तर डोंगरात जाणार कोण? भाई गेला. कवंडळं, तेरडे, आंब्याचे टाळे रिक्षात भरून वाजतगाजत घेऊन आला. त्या रविवारी चर्चबाहेर लोकांनी मलाच गाठलं. भावाने धर्म बदलला की काय, इथपर्यंत चौकशा. उत्तरं मी द्यायची आणि हा दाराशी उभा राहून कुणाच्या तरी पोराला चप्पल घालून देतोय!

आमच्या वकिलांची व्यथा तर वेगळीच. तारखेला आम्ही जायचो तेव्हा तातूही यायचा, कारण प्रतिवादीने हजर राहायचं होतं. आणि तो यायचा आमच्याच रिक्षातून. मागे तातू, त्याला धरून मी, पुढे भाई. कोर्टाच्या पायऱ्यांवरून वादीने प्रतिवादीला उचलून आत न्यायचं, खुर्चीवर नीट बसवायचं आणि मग समोर जाऊन उभं राहायचं. वकिलांनी मला बाजूला घेतलं. "अहो मास्तर, तुमच्या भावाला समजवा. तुमच्यात वैर आहे हे मी दाखवू कसं?" मी भाईला समजावलं. तो म्हणाला, "दुसरी रिक्षा तेका घेणा नाय. बायलेक शिये दिलेन तेंच्या." म्हणजे एकाही रिक्षावाल्याची बायको तातूने शिव्यांतून सोडली नव्हती. शेवटी मीच तातूला धरून बसायला शिकलो, कारण वळणावर तो कलंडायचा. त्याने आईला ओहोळातून न्यायला लावलं होतं आणि मी त्याला कलंडू देत नव्हतो... सांगा, कुणाला सांगणार हे?

नव्याने आलेल्या फादरांच्या कानावर हे गेलं. एका रविवारी त्यांनी प्रवचनात सुरुवात केली, आपल्याच वाडीत एक माणूस आहे, जो आपल्या वैऱ्याची... एवढं कानावर पडताच भाई मागच्या दारातून बाहेर. मिस्सा संपल्यावर तो सरळ फादरांसमोर जाऊन उभा राहिला. भाईला रागावलेलं मी त्या एका दिवशीच पाहिलं. "फादर, तुमी ह्यां बोलू नकात. तातूच्या कानार गेला तर तो माका हात लावूक देवचो नाय." फादर म्हणाले, निदान त्याच्यासाठी प्रार्थना तरी करता ना? भाईने विचार केला. "सवड गावणा नाय, फादर. तुमी करा," म्हणाला आणि रिक्षा सुरू करून निघून गेला.

एकदाच मी त्याला नीट विचारलं. पावसाळा होता, ओहोळ भरून वाहत होता आणि हा गडग्यावर चढायच्या तयारीत. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "भाई, खरा सांग. तुका आवशीची खुर्ची आठवणा नाय?" तो गडग्याला टेकून थांबला. मला वाटलं, आता तरी हा माणूस रडेल, निदान चिडेल, माझ्यासारखा होईल.

"आठवता," तो म्हणाला. "रोज आठवता. तेच्या चुलीत लाकडां सारतंय तेवा आठवता. वाटता, ह्यां कडकडीत पाणी तसांच तेच्या आंगार ओतूचा..." मग जरा थांबून म्हणाला, "पण मगे इसावण घालूक लागता. काय करतलंय? म्हातारो भाजतलो."

इसावण म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी. बस, एवढंच. पुढे काही नाही. तो गडग्यावर चढून पलीकडे उतरला आणि मी भिजत तिथेच उभा राहिलो.

भाईच्या अंत्यविधीला आमचं अंगण भरलं होतं. शवपेटी उचलली तेव्हा सगळ्यांची नजर गडग्याकडे गेली. माझीही. आता तातू काहीतरी बोलेल असं प्रत्येकाला वाटत होतं, अशा वेळी माणसं बोलतात म्हणून. काकी गडग्यापाशी येऊन उभ्या होत्या, पदराने डोळे पुसत. मागे पडवीत तातू खुर्चीत. तो काही बोलला नाही. आम्ही पेटी ओहोळातून नेली. परत आल्यावर कुणीतरी म्हणालं, म्हातारा दगड आहे. मी म्हटलं, "दगड असता तर गडग्यात बसला असता." कुणी हसलं नाही.

त्यानंतर मी पलीकडे बघणं सोडून दिलं. मुलाने गोव्याहून येऊन नवीन माणूस ठेवला. अंघोळीपुरता तो तातूला चालला, पण दाढीला हात लावू देईना. तोंडाला साबण लावला की मान फिरवायचा. काकी एकदा गडग्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, भुतासारखो दिसता ओ." बाकी काही मागितलं नाही. मी दोन दिवस दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी गडग्यावर चढलो. माझे गुडघे दुखतात, तरीही चढलो, आणि चढताना भाईला मोठ्याने शिव्या दिल्या. माणूस मरतो आणि आपली कामं आपल्या गळ्यात टाकून जातो.

तातूने माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुजो हात जड आसतलो," म्हणाला. पण मान फिरवली नाही. मी एका गालाची दाढी केली, दुसऱ्या गालाला साबण लावला आणि वस्तरा उचलणार तेवढ्यात त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. कापलं की काय म्हणून मी घाबरलो. काकी आतून म्हणाल्या, "थांबा जरा. इनास अर्दी दाढी झाली काय हय चाय पियायचो."

दोन कप आले. एक तातूच्या डाव्या हातात दिला, एक माझ्यासमोर ठेवला. तातू पीत नव्हता. अर्ध्या तोंडाला फेस घेऊन तो माझ्या कपाकडे बघत बसला होता. मी कप उचलला, तेव्हा त्याने आपला तोंडाला लावला. माडांवरून वारा येत होता. चहा भयंकर गोड होता, भाईला लागायचा तसा. मला साखर वर्ज्य आहे, हे काकींना सांगायला हवं.

अजून सांगितलेलं नाही.