राखेने घासलेली काच

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी निघाली, त्या दिवशी घरी आल्या आल्या त्या चपला न काढताच भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. फोटो त्यांच्या मुलाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. ऑपरेशनला त्या तयार झाल्या त्या फक्त या फोटोसाठी. एरवी दवाखान्याचं नाव काढलं की त्यांचे गुडघे दुखायला लागायचे.

त्यांनी मान इकडे तिकडे करून पाहिलं. मग म्हणाल्या, "डॉक्टरनी मन्हा डोया बराबर करा नई."

डोळा उत्तम होता. समोरच्या ओट्यावर कोण बसलंय ते त्यांना दारातून दिसलं होतं आणि त्यांनी दोघीतिघींना नावंही ठेवली होती. गेली होती ती काच. रनाळ्याच्या आमच्या घरी दर अमावास्येला पितळी देव राखेने घासतात. देव झाले की उरलेल्या राखेने, नारळाच्या शेंडीने सासूबाई फोटोची काचही घासायच्या आणि त्याच्या कपाळावर गंध लावायच्या. मोतीबिंदू वाढत गेला तसा त्यांना मुलगा धुरकट दिसू लागला. काच मळली असं समजून त्या आणखी जोर लावायच्या. राखेत बारीक खडे असतातच.

मी एकदा बोलून पाहिलं, तर "तुले काय समजस" म्हणाल्या. सासू ती सासू. शिवाय खरं सांगायचं तर, तो गेल्यापासून मला कशाचंच फारसं काही वाटत नाही. भाकरी थापताना चटका बसला तर कळतो, तेवढंच. लोक म्हणतात, बाई खंबीर आहे. म्हणू देत.

नवी काच घालून भागलं असतं. पण एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि फोटो आतून काचेला चिकटून बसला. दुसरी प्रत नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एका फिरत्या फोटोवाल्याने तो काढला होता. मोबाइलवर फोटोचा फोटो काढून मोठा करून पाहिला, तर चरेच मोठे झाले.

म्हणून एसटीने शहाद्याला गेलो. फ्रेम सासूबाईंच्या मांडीवर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. बसस्टँडमागे आरसे आणि काचा बसवणारे एक चाचा आहेत. त्यांनी फ्रेम उघडली, फोटोचा कोपरा जरा उचलून पाहिला आणि लगेच सोडला.

"ताई, फोटो काचले चिटकी जायेल शे. वढसू ते फाटी जाई. वरूनच घसनं पडी. पन पानी आत गयं ते चेहरा जाई. करू का ऱ्हाऊ देऊ?"

विचारलं मला, पण मी सासूबाईंकडे पाहिलं. हा फोटो गेला तर त्यांच्याकडे मुलाचं तोंड म्हणून काही उरणार नव्हतं.

"दिसत नई ते ठेईसन काय करू?" त्या म्हणाल्या. "कर, भाऊ."

चाचांनी कडा मेणाने बंद केल्या. गुलाबीसर पावडर पाण्यात कालवली आणि नमद्याच्या तुकड्याने गोल गोल घासायला सुरुवात केली. नमदा म्हणजे घोड्याच्या खोगिराखाली घालतात ती जाड लोकर, तीही सारंगखेड्याचीच. काच तापली की ते थांबायचे, तळहात ठेवून बघायचे, पुन्हा घासायचे. सासूबाई त्यांच्या हातावरून नजर काढेनात. मी रस्त्यावरून जाणारे केळीचे ट्रक बघत बसले. आत पाणी गेलं तर, असा विचार आला आणि गेला.

दुपार कलली तेव्हा चाचांनी काच पुसून उजेडात धरली. कपाळावर, गंधाच्या जागी, काही खोल चरे राहिले होते. तिथे नख अडकत होतं, ते जाणार नव्हते. बाकी सगळं स्वच्छ होतं. "आते राख नई," ते म्हणाले. "नुसता कोरडा कपडा."

"मीच करं हे," सासूबाई पुटपुटल्या. मग त्या वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"हसी ऱ्हायना तो."

धुरकट दिसू लागल्यापासून आल्यागेल्याला त्या सांगायच्या, पोरगं फोटोत कसं उदास उभं आहे. तो हसत होता. दात दिसत होते, एक डोळा अर्धा मिटला होता. आणि बघत होता ते कॅमेऱ्याकडे नव्हे, त्याच्या जरा बाजूला.

"तठे कोन व्हतं?"

"मी व्हती," मी म्हटलं. आमचं नुकतंच लग्न झालं होतं.

"काय बोलनी व्हती तू त्याले?"

मला काळा घोडा आठवला. धूळ आठवली, माझी हिरवी साडी आठवली. मी काहीतरी बोलले होते, त्यावरच तो हसला होता, एवढंही आठवलं. पण काय बोलले, ते कुठेच सापडेना. मी डोकं खणत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला रडू आलं, आणि ते मी गिळलं, कारण सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या.

"घोडा बिचकना व्हता, माय," मी म्हटलं. "म्हनीसन हसना."

त्या खूश झाल्या. परतीच्या बसमध्ये शेजारणीला फोटो उघडून दाखवला, घोडा कसा बिचकला ते सांगितलं. आता घरी कोणीही आलं की सांगतात. त्यात घोडा दर वेळी जरा जास्तच बिचकतो. मी आत चुलीपाशी बसून ऐकते आणि खरं काय बोलले होते ते आठवून बघते.