वहिनींचा दहा आकडी नंबर

आमच्या शेजाऱ्यानं ज्याचा नंबर भागून पाहिला नाही, असा ट्रक अजून भिवंडीत यायचाय. माणूस काल्हेरच्या गोदामात, गेटवर. ट्रक आला की पावती राहिली बाजूला, हा नंबरप्लेटसमोर उकिडवा. एकदा ड्रायव्हर ओरडला, "चाचा, मरना है क्या?" तर हा म्हणतो, "रुक जा, तेरे को सात का भाग जाता है!" आणि बाजारात सुटे घ्यायला पाठवा, हमखास फसून येणार. त्याला आकडे मोठेच लागायचे, त्यातही एक आणि तो स्वतः सोडून ज्याला कुणाचाच भाग जात नाही, तसले. त्याला मूळ संख्या म्हणतात म्हणे. मी चौथीत शाळा सोडली, लूमच्या पलीकडचं मला कळत नाही.

माझ्या पोरानं त्याच्या आईला मोबाईल घेतला, तर या बाबानं तिचा दहा आकडी नंबरच धरला. त्याच्या ओट्यावर खडूनं भागाकार सुरू. लाखाच्या अलीकडच्या सगळ्या मूळ संख्या लावून बघायच्या, मगच खात्री. माझ्या बायकोलाही नाद लागला. भिंतीवरनं विचारायची, "भाऊजी, फुटला का?"

"न्हाय वहिनी, घट्ट हाय."

अंथरुणाला खिळली तरी तेच. मी वैतागायचो, "अगं, गोळी घे आधी." तर म्हणे, "थांबा हो, नंबराचं ऐकू द्या." नंबराचा निकाल लागायच्या आधी तीच गेली.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. मेलेल्या माणसाचं मन कशात अडकलं असलं की शिवत नाही म्हणतात, मग एकेकानं वचन द्यायचं. पोरगा म्हणाला, "आये, बाबांना मी बघीन." माझी बहीण म्हणाली, "वहिनी, तुझ्या कोंबड्या मी नेते." कावळे आपले झाडावर. भटजी घड्याळ बघतायत. तेव्हा हा गडी पुढं झाला, हात जोडले. "वहिनी, नंबर अर्धा राहिलाय. निकाल लावल्याबिगर सोडणार न्हाय."

कावळा खाली आला. लोक तोंड लपवून हसले. मला हुंदका आवरेना.

पाऊस सरल्यावर एका सकाळी तो दारात उभा. तोंड फुललेलं. "दादा, फुटला! पाच आकडी भाग लागला. गुणून बी बघितलं, बरोबर येतोय." वचन पुरं झालं म्हणून मी खूश होईन, असं वाटलं असेल बिचाऱ्याला. पण तिचं इथं अडलेलं तेवढं एकच होतं. तेही सुटलं, तर तिनं मागं वळून बघावं असं या घरात उरलं काय?

"चुकला असशील," मी म्हणालो.

"दादा, गुणाकार केलाय..."

"चुकला असशील म्हणतो ना! पहिल्यापासनं बघ."

आकड्यावरनं कुणी वाद घातला तर गोदाम डोक्यावर घेणारा माणूस. पण तो माझ्याच ओट्यावर बसला, खिशातनं खडू काढला आणि नंबर नव्यानं लिहिला.

"दोनाचा भाग जात न्हाय," तो म्हणाला. "आता तीन बघतो."