बुरशी आधी मीनाला दिसली

घरी निघताना सुशीलाबाईंनी आमच्या प्रयोगशाळेतल्या मीनाचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. त्यांच्या नवऱ्याला मी महिनाभर क्षयाची औषधं देत होतो. बुरशीचे धागे थुंकीच्या नमुन्यात मीनाला दिसले. औषध बदललं आणि माणूस आज स्वतःच्या पायांनी घरी निघाला. मला आनंद झालाच. पण त्या बाईंनी माझे हात धरायला हवे होते, असंही वाटत राहिलं. एवढ्या वर्षांचा डॉक्टर मी, आणि जळत होतो एका मुलीवर!

"अहो, नमुना पुन्हा तपासायला सरांनीच पाठवला होता," मीना त्यांना म्हणाली.

सुशीलाबाईंनी वळून मलाही हात जोडले. मीनाचा तो चांगुलपणासुद्धा मला सहन झाला नाही.