पद्मजाचा वाकडा धावदोरा

मला सगळे उसवबाई म्हणतात. पनवेलच्या शाळेत एकतीस वर्षं मी शिवण शिकवलं आणि वर्गात माझ्या तोंडी एकच शब्द असायचा. मुलीने कितीही मन लावून धावदोरा घातलेला असो, एक टाका वाकडा दिसला की, "उसव आणि परत घाल." अजूनही भाजी घेताना एखादी पन्नाशीची बाई हसत हसत समोर येते, "बाई, ओळखलंत का? उसव!" पूर्वी मला बरं वाटायचं. आता तो शब्द कानावर पडला की मी भाजी न घेताच घरची वाट धरते. गोष्ट खरं तर पद्मजाची आहे, पण मी तिच्यात इतकी लुडबुड केली आहे की मला वगळून ती सांगताच येत नाही.

पद्मजा केळुसकर मला पहिल्यांदा भेटली ती भांडायलाच. जुन्या पनवेलच्या बाजारात कटपीसचं एक दुकान आहे. तिथे राखाडी सुती कापडाचा शेवटचा तुकडा उरला होता. एक टोक माझ्या हातात, दुसरं हिच्या हातात.

"मी आधी पाहिलं," ती म्हणाली.

"पाहिलं असेल. धरलं मी आधी."

दुकानदाराने वैतागून मधोमध कात्री चालवली. बाहेर आल्यावर ही बया मला म्हणते, "आता एवढ्याशा तुकड्यात तुमचंही काही होणार नाही आणि माझंही. घरी चला, दोघी मिळून एकच काहीतरी करू." मी तोंडाची फटकळ, पण तुकडा काखेत मारला आणि गेले तिच्यामागे.

तिचं घर कामोठ्याला, तिसऱ्या मजल्यावर. मुलगी मिताली चार वर्षांची असताना नवरा गेला. ही सरकारी ऑफिसात टायपिस्ट होती. दिवसभर तिथे बडवायची आणि संध्याकाळी घरी लोकांचे प्रबंध टाइप करायची. "माझ्या दहा बोटांनी घर चालवलंय, विनिता," असं म्हणून ती दोन्ही पंजे माझ्यापुढे नाचवायची. रडगाणं कधी गायली नाही. उलट मी कशावरून तरी कुरकुरायला लागले की म्हणायची, "झालं? संपलं? आता चहा घे."

रिटायर झाल्यावर तिने मोबाइलवर कुठल्याशा मॉडर्न क्विल्ट पाहिल्या आणि तिला त्याचं वेडच लागलं. आपली गोधडी म्हणजे चिंधीला चिंधी लागलेली, बोटभर जागा रिकामी नाही. ह्या क्विल्टांमध्ये मात्र भलंमोठं एकरंगी कापड आणि कोपऱ्यात कुठेतरी एखादी पट्टी, बस्स.

"एवढी जागा रिकामी कशाला सोडायची गं?" मी विचारलं.

"श्वास घ्यायला."

"आणि टाका वाकडा पडला तर? मोकळ्या कापडावर तो लपणार कुठे?"

"तू आहेस ना उसवायला!"

तिसरी आली रंजिता, तिच्याच बिल्डिंगमधली. तिची शिलाई मी दर गुरुवारी उसवायची आणि ती दर गुरुवारी मला शिव्या घालायची. नऊ वर्षं आमचे गुरुवार असे गेले. गोधड्या दोन प्रकारच्या करायचो. प्रदर्शनाच्या, त्यात इंचाला आठ टाके, एकही कमी नाही. आणि वाटपाच्या, जुन्या साड्यांच्या, त्या दर डिसेंबरात शिरढोणच्या पलीकडच्या आदिवासी वाडीत नेऊन द्यायच्या. वाटपाच्या गोधड्यांमधले टाके मी उसवत नसे. तिथे कोण बघतंय, असं म्हणायचे मी. हो, म्हणायचे, खोटं कशाला सांगू?

सगळ्यांच्या सुया पद्मजा ओवायची. बारा सुया ओवून उशीवर टोचून ठेवायची, मग काम सुरू. दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी तिने सुयांची उशी रंजिताकडे सरकवली. मी पाहिलं. तिने उजवा हात पदराखाली धरून ठेवला होता आणि पदर हलत होता. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. ज्या बोटांनी घर चालवलं त्या बोटांना आता चहाचा कप धरवेना.

तिला एकच ध्यास लागला. पुण्याच्या प्रदर्शनात स्वतःच्या नावाची एक क्विल्ट लागली पाहिजे. आजवर आम्ही तिघींच्या नावाने पाठवत होतो. ही मात्र तिची एकटीची. बाजारातला तो राखाडी तुकडा तिने जपून ठेवला होता, त्याच रंगाचं आणखी कापड शोधून आणलं. सगळी राखाडी, पाऊस ओसरल्यावरच्या गाढी नदीसारखी, आणि एका कडेने एक शेंदरी पट्टी. बाकी सगळी मोकळी जागा. "ह्यातला टाका न् टाका माझा असणार," ती म्हणाली. "मितालीला ठेवायला काहीतरी नको?"

दर गुरुवारी ती ओंजळीएवढा भाग शिवायची. जीभ दातात धरून. टाके पडायचे कसे? एक तांदळाएवढा, पुढचा चिंचोक्याएवढा, तिसरा भलतीकडेच. राखाडी कापडावर पांढरा दोरा, नजर चुकवणार तरी कशी?

मी काय केलं ते सांगते. "कडा नीट करून आणते" म्हणून मी क्विल्ट घरी न्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत बसून तिचा सगळा धावदोरा उसवायची आणि त्याच रेषेवर माझा घालायची. इंचाला आठ. देवाशपथ सांगते, मला वाटलं मी तिची अब्रू राखते आहे. लोक क्विल्टपुढे उभे राहतील, हसतील, कीव करतील, ते माझ्याने बघवलं नसतं. रंजिताला कळलं तेव्हा तिने मला बाजूला घेतलं. "विनिता, हे बरं नाही हं." मी तिच्यावरच खेकसले, "तुला शिवणातलं काय कळतं?"

पावसाळ्यातल्या एका गुरुवारी पद्मजाने क्विल्ट मांडीवर घेतली आणि मागच्या आठवड्यातल्या जागेवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "विनिता, माझे टाके इतके सरळ कधीपासून पडायला लागले गं?"

मी म्हटलं, "औषध लागू पडतंय तुला."

ती हसली. क्विल्टची घडी घालून तिने माझ्या पिशवीत ठेवली. "मग आता तूच संपव. मी आपली वाटपाची शिवते."

आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. सुटले बाई एकदाची उसवण्यातून, असं वाटलं. एवढी मी अक्कलशून्य.

त्यानंतर ती एकच गोधडी शिवत होती. स्वतःच्या पिवळ्या वायलच्या साड्या आणि मधोमध मितालीच्या शाळेच्या फ्रॉकचा निळ्या चौकटीचा तुकडा. चार महिने लागले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि रंजिता वाटपाला गेलो तेव्हा तीही गठ्ठ्यात होती. पद्मजाला यायचं होतं, पण जिना उतरवेना. दहा दिवसांनी तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात हात माझ्या हातात होता आणि तेव्हासुद्धा थरथरत होता. मग थांबला.

जानेवारीत पुण्याला प्रदर्शन झालं. मिताली पुण्यातच नोकरी करते. पद्मजाची क्विल्ट भिंतीवर एकटीच टांगली होती, खाली नाव, पद्मजा केळुसकर, कामोठे. हातशिलाईचं पहिलं बक्षीस तिला मिळालं. हातशिलाईचं! मिताली माइकपाशी गेली आणि म्हणाली, "माझ्या आईला कंपवात होता. वाटीतलं ताक सांडायचं तिच्या हातून. तरी तिने हे टाके घातले." सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. रंजिता माझ्याकडे बघत नव्हती. मी खाली फरशीकडे बघत बसले.

कामोठ्याच्या घरी परत आल्यावर मितालीने क्विल्ट पलंगावर पसरली आणि तिच्यावर गाल टेकून पडली. बोटाने एकेक टाका चाचपत म्हणाली, "मावशी, हे आईचे हात आहेत गं. मी रोज असंच झोपणार."

मला गप्प बसता आलं असतं. रंजिता तर खुणेने नकोच म्हणत होती. पण ती पोर माझ्या टाक्यांवर आई म्हणून हात फिरवत होती. मला ते सोसवेना.

"मिताली, ते टाके माझे आहेत."

सगळं सांगितलं. ती उठून बसली. ओरडली असती, दोन शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. तिने क्विल्टवरचा हात काढून घेतला. मग एवढंच म्हणाली, "एक ओळ तरी ठेवायचीस, मावशी."

मी घरातले सगळे डबे पालथे घातले. पद्मजाच्या टाक्यांचा नमुन्याचा तुकडा, रुमाल, काहीही. जे जे सापडलं त्यावर माझाच हात फिरलेला. आमच्या घरात कसं सगळं सरळ! मग रंजितालाच आठवलं. "अगं, ती पिवळी! वाटपातली!"

मितालीला घेऊन वाडीवर गेलो तर निम्म्या झोपड्यांना कुलूप. डिसेंबर सरता सरता माणसं वीटभट्टीवर जातात, हे दरवर्षी माहीत असून मी विसरले होते. पिवळी गोधडी मी वाडीतल्या चिंधी नावाच्या बाईला दिल्याचं मला पक्कं आठवत होतं. तिने हात पुढे करून म्हटलं होतं, "बाई, लांब-रुंद बघून द्या, सून बाळंत व्हनार हाय." शेजारच्या म्हातारीने भट्टीचा पत्ता सांगितला. मी सोबत माझी नवीकोरी गोधडी घेतली होती, बदल्यात द्यायला. इंचाला आठ.

भर दुपारी आम्ही भट्टीवर पोचलो. विटांचे थर रचून वर पत्रा टाकलेलं खोपटं. चिंधी बाहेर विटा पालथ्या करत होती. मला बघून हात पुसत आली. मी घुटमळत सगळं सांगितलं, ही मुलगी त्या बाईंची, त्या गेल्या, त्यांच्या हाताची तेवढी एकच वस्तू उरली आहे.

"आई गेली हिची? अगं माय गं!" चिंधीने मितालीच्या तोंडावरून हात फिरवला. "या, आत हाय."

आत पिवळ्या गोधडीवर पंधरा दिवसांची पोर झोपली होती. मुठी आवळून, बरोब्बर निळ्या चौकटीच्या तुकड्यावर. मिताली दारातच थांबली. आपला फ्रॉक तिने ओळखला.

"उचलू का पोरीला?" चिंधी म्हणाली. "न्या तुमी. आईची वस्तू हाय, तुमाला नाय म्हनू का? हिला दुसरीवर निजवीन. जरा रडंल, रडू दे."

"नको," मिताली म्हणाली. "नको, झोपू दे तिला." ती जमिनीवर बसली आणि गोधडीच्या कडेवरून बोट फिरवू लागली. एक तांदळाएवढा, एक चिंचोक्याएवढा, एक भलतीकडेच. रडत होती, पण आवाज करत नव्हती. "आई," एवढं एकदाच म्हणाली.

थोड्या वेळाने चिंधी मला म्हणाली, "बाई, सुई हाय का? ह्यो कोपरा उसवलाय. तेवढा घालून द्या."

माझ्या पर्समध्ये सुईदोरा नेहमी असतो. मी कोपरा मांडीवर घेतला. मिताली डोळे पुसून माझ्या हातांकडे बघायला लागली. "मावशी, आईसारखे घाल ना. म्हणजे ओळ तुटल्यासारखी दिसणार नाही."

मी घातले. सरळ पडले. उसवले. मुद्दाम सुई लांब टोचली, तिरकी टोचली, हात हलवून पाहिला. दोरा ओढला की टाका आपला जागेवर. डोळे मिटून घातले, तरी इंचाला आठ. पन्नास वर्षं ह्याच हाताचा तोरा मिरवला मी, आणि त्या दिवशी त्याला एक वाकडा टाका येईना. पद्मजाची ओळ हेलकावे खात कोपऱ्यापर्यंत आली होती, तिथे थांबली होती आणि तिच्यापुढे माझी पट्टी लावल्यासारखी ओळ.

मितालीने माझ्या ओळीवर बोट ठेवलं. मग तिने ते उचललं आणि परत मागे, आईच्या टाक्यांवर नेऊन ठेवलं.

चिंधीने कोपरा उजेडात धरून पाहिला आणि तिला फार आवडला. "लय बेस घातलंत, बाई. आनि ही बाकीची वाकडी हायत ना, ती पन उसवून आशीच घालून द्या की. हिला टिकंल मंग."

"नाही गं," मी म्हटलं. "ते उसवू नकोस. ते तसंच राहू दे, बाई."